मदत हवी आहे: रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे कागद कोणाकडे सोपवावेत?

माहीमची भाची:
माझे मामा विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गेल्या वर्षी ते वारले. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली असून महिनाअखेरीस जागा रिकामी करायची आहे. माळ्यावरून त्यांच्या प्रयोगवह्या, पत्रे आणि इतर पुष्कळ कागद उतरवले आहेत. एका ग्रंथालयात विचारले, तर छापील पुस्तके घेऊ, हस्तलिखिते ठेवायला जागा नाही, असे सांगण्यात आले. हे सगळे रद्दीत घालण्याची कल्पनाही सहन होत नाही. कोण घेईल, ते कृपया लवकर सांगावे.

निळी शाई:
पुष्कळ म्हणजे किती? मामांचा विषय कोणता, कागद कोणत्या वर्षांचे आहेत, आणि ते देऊन टाकण्याचा अधिकार कोणाचा आहे? एवढे कळल्याशिवाय कोणतीही संस्था ताई, तुम्हाला उत्तर देणार नाही.

फोर्टचा वाचक:
मामांच्या नावावर शेअर असतील, तर वारस म्हणून आधी ते आपल्या नावावर करून घ्यावेत. माझ्या काकांच्या बाबतीत उशीर झाल्याने आम्हाला फार त्रास झाला.

माहीमची भाची:
ती कामे झाली आहेत. खोकी ११ आणि पत्र्याच्या ट्रंका २. कागद १९५८ ते १९८९ या काळातले आहेत. विषय रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र. वारस म्हणजे मामांची मुलगी. ती परदेशात असते, पण लेखी संमती द्यायला तयार आहे.

कॅमेरावाला:
मोबाइलने प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि मूळ कागदांचा मोह सोडा. मुंबईच्या दमट हवेत ते टिकणार नाहीत. वडिलांच्या कागदांचे मी हेच केले आणि आज एका छोट्या डिस्कमध्ये सगळे आहे.

निळी शाई:
याला माझा ठाम विरोध आहे. छापील शोधनिबंधात यशस्वी झालेली अभिक्रियाच दिसते. जी सहा वेळा फसली, जिच्यातून अपेक्षित रंगाऐवजी डांबर हाती आले, ती फक्त प्रयोगवहीत सापडते. पानाला टाचलेली चिठ्ठी, रंगाचे नमुने म्हणून चिकटवलेल्या सुताच्या लडी, पेन्सिलीने खोडलेला आकडा, यांचे महत्त्व छायाचित्रात निम्मेही उतरत नाही. शिवाय मुंबई विद्यापीठाचा माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला, तेव्हापासून वस्त्ररसायनशास्त्र तिथे शिकवले जात होते. गिरण्यांच्या या शहरात रंगांवरचे काम म्हणजे शहराच्याच इतिहासाचा भाग आहे.

कॅमेरावाला:
महत्त्व मान्य आहे, परंतु बुरशीला ते कळत नाही.

प्रयोगशाळा सहायक (निवृत्त):
वाद थोडा वेळ बाजूला ठेवून एका प्रश्नाचे उत्तर आधी द्या: खोक्यांमध्ये बाटल्या आहेत का? प्राध्यापक मंडळी नमुने वह्यांसोबतच ठेवत असत, आणि आमच्या काळी अमाइन ही नायट्रोजनयुक्त संयुगे ओळखण्यासाठी पिवळ्या रंगाचे पिक्रिक आम्ल सर्रास वापरले जाई.

माहीमची भाची:
एका ट्रंकेत लहान बाटल्या आहेत, हे सांगायचे राहिले. एकीत पिवळी, कोरडी पूड आहे. चिठ्ठी पुसट झाली आहे आणि टोपण पत्र्याचे आहे.

प्रयोगशाळा सहायक (निवृत्त):
ती बाटली उघडू नका, हलवू नका, ट्रंकही सरकवू नका. पिक्रिक आम्ल ओले असेपर्यंत त्यातल्या त्यात सुरक्षित असते. वाळले की धक्क्याने किंवा घर्षणाने त्याचा स्फोट होऊ शकतो, आणि धातूशी संयोग होऊन बनलेले त्याचे क्षार त्याहूनही संवेदनशील असतात. ही पूड दुसरी काही निरुपद्रवी वस्तू असू शकेल, पण ते पाहण्याचे काम तुमचे नाही. खोली बंद करून १०१ वर अग्निशमन दलाला कळवा आणि काय असण्याची शक्यता आहे ते स्पष्ट सांगा. शेजाऱ्यांनाही सांगा.

निळी शाई:
दादांचे म्हणणे आधी अमलात आणा, बाकी सारे नंतर. उरलेल्या खोक्यांतले कागद विषयवार लावू नका. मामांनी जी पत्रे ज्या वहीत ठेवली, ती तिथेच राहू द्या. तो क्रम मोडला, तर कोणते पत्र कोणत्या प्रयोगामुळे आले हे पुन्हा कोणालाही सांगता येणार नाही. डांबरगोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. कसर लागलेली खोकी वेगळी ठेवून कोरड्या खोलीत पंख्याच्या मंद वाऱ्यात राहू द्यावीत. उष्णतेने छपाई होणाऱ्या यंत्रांचे आलेख फिकट होत जातात, त्यांची छायाचित्रे मात्र आधी घ्यावीत, आणि इथे कॅमेरावाला यांचे म्हणणे मला पटते. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या वेगळ्या काढाव्यात, त्या खासगी आहेत. निबंधांच्या छापील प्रती सोडून दिल्या तरी चालतील.

आता मूळ प्रश्नाकडे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे अभिलेखागार २०१९ पासून आधुनिक भारतातील विज्ञानाच्या इतिहासाचे कागद जपते. त्यांना यादी आणि काही पानांची छायाचित्रे पाठवून विचारा. मामांच्या विभागालाही लेखी पत्र द्या, कारण वह्यांवर विभागाचा हक्क असू शकतो. एक कायद्याची बाब: आलेली पत्रे कागद म्हणून मामांची असली, तरी मजकुराचा प्रताधिकार (कॉपीराइट) लिहिणाऱ्याचा असतो आणि १९५७ च्या कायद्यानुसार तो सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून दानपत्रात फक्त मामांच्या स्वतःच्या लेखनाचे हक्क लिहून द्यावेत.

माहीमची भाची:
अग्निशमन दलाचे लोक आले होते; ती बाटली ते स्वतः घेऊन गेले. सहायकदादा, तुमचे ऋण कसे मानावे ते कळत नाही. बाकी खोकी माझ्या घरी, जेवणाच्या खोलीत आणली आहेत. वरच्या खोक्यातली १९६३ ची वही उघडली, तर तिच्यात आजीने गावाहून लिहिलेले पत्र होते. निळी शाई यांनी सांगितल्याप्रमाणे ते त्याच पानात परत ठेवले आहे. उद्यापासून यादी करायला घेते.