'र' आणि 'ल'पेक्षा ओळखीचे शब्द जास्त नडतात

जपानी लोकांचं इंग्रजी 'र' आणि 'ल'पाशी अडतं, असं नेहमी म्हणतात, ते खरं. पण 'राइस' की 'लाइस' ते संदर्भावरून कळतंच. खरी पंचाईत होते ती इंग्रजीवरून जपानीत आलेल्या, पण अर्थ बदललेल्या, म्हणजे त्यांना आधीच येतात असं वाटणाऱ्या शब्दांनी. जपानीत 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीतलं प्लगचं सॉकेट, 'मान्शोन' म्हणजे फ्लॅटची साधी इमारत. 'बाइकिंगु' म्हणजे चक्क बुफे! तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ साली 'इम्पीरियल व्हायकिंग' नावाने बुफे सुरू केला, तेव्हापासून तेच नाव चिकटलं.

'क्लेम' म्हणजे त्यांच्याकडे नुसती तक्रार. आमच्या कंपनीत जपानहून 'कस्टमर क्लेम'ची मेल आली की नवीन पोरं भरपाईच्या धास्तीने लीगलला फोन लावायची. निघायचं काय, तर खोक्यावरचं लेबल तिरकं. आणि नकारार्थी प्रश्न तर विचारूच नयेत. "ड्रॉइंग मिळालं नाही का?" असं इंग्रजीत विचारलं की उत्तर येतं "येस", म्हणजे "हो, नाही मिळालं". मराठीत आपणही असंच बोलतो, म्हणून आमचं त्यांचं बरं जमतं. कॉलवरचा अमेरिकन मात्र ड्रॉइंग पोचलं समजून मोकळा होतो.