प्रतिसाद: मंथन नव्हे, नुसतं ढवळणं

कुणीतरी म्हटलंय की जपानी पुराणकथेतल्या इझानागी-इझानामी या देव-देवीच्या जोडीचा, जग घडवणारा भाला म्हणजे आपलंच समुद्रमंथन. मला नाही पटत. आपल्याकडे जग आधीच आहे, मंथन चाललंय ते अमृतासाठी. 'कोजिकी' या जुन्या जपानी ग्रंथात (इ.स. 712) मात्र खाली पातळ, तरंगतं काहीतरी आहे, भाला ढवळून वर काढला, टोकावरून खारट थेंब ठिबकले, साचले आणि ओनोगोरो बेट झालं. मीठ धरावं तसं!

खरं साम्य दुसरीकडे आहे. इझानागीने डावा डोळा धुतला तेव्हा सूर्यदेवी अमातेरासू झाली. पुरुषसूक्तातही 'चक्षोः सूर्यो अजायत'. अर्थात त्यावरून कुणी कुणाकडून घेतलं असं नाही ठरत. डोळा आणि सूर्य ही जोडी कुणालाही सुचेल.

उसनवारीच हवी तर फिलिपिन्समध्ये शोधा. तिथल्या टागालोग लोकांचा सर्वोच्च देव बाथाला, म्हणजे संस्कृत 'भट्टार' (स्वामी). आपल्या राष्ट्रकूट ताम्रपटांतल्या 'परमभट्टारक' या राजबिरुदाचाच भाऊबंद. त्यांचा 'दिवाता' हा शब्द तर सरळ देवता. पण गंमत बघा, नाव इकडून तिकडे गेलं तरी गोष्ट त्यांची त्यांचीच राहिली: उडून दमलेली घार आभाळ-समुद्राचं भांडण लावते, आभाळ वरून बेटं फेकतं. मग तीच घार बांबूवर चोच मारते, एका पेरातून पुरुष निघतो, दुसऱ्यातून बाई.

बायबलसारखी बरगडीतून बाई घडवायची भानगडच नाही.