जगभरातली जुनी, मागे पडलेली गाणी लोकांना ऐकवायची कशी?

निशाचर
मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर मी अधूनमधून जुनी परदेशी गाणी टाकते. साधारण १९३० ते १९७५ मधली, फारशी कानावर न पडलेली. प्रतिसाद म्हणजे एखादा अंगठा. तोही न ऐकता दिलेला, कारण गाणं तीन मिनिटांचं आणि अंगठा दहा सेकंदांत हजर! भाषा कळत नाही, रेकॉर्ड खरखरते, ही ठरलेली कुरकुर. तुम्ही कोणती गाणी ऐकवता? आणि लोकांनी ती खरंच ऐकावीत म्हणून काय करता?

खरखर
आधी ती 'दुर्मिळ रत्न', 'अनमोल ठेवा' वगैरे विशेषणं बंद करा. ती वाचली की माणूस पळतो. एका वेळी एकच गाणं टाका, आणि कान नेमका कुठे लावायचा तेवढं सांगा.

सॉलोमन लिंडा यांचं 'म्बुबे' घ्या. जोहान्सबर्ग, १९३९. खाली पुरुषांचे आवाज एकच ओळ घोळवत राहतात आणि लिंडा वरच्या पट्टीत मनसोक्त फिरतात. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, 'शेवटाकडे वरचा आवाज काय करतो बघा.' तिथे लिंडांना ऐन वेळी एक सुरावट सुचते आणि ऐकणारा दचकतो, अरे, ही तर येते आपल्याला! 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून १९६१ मध्ये जगभर गाजलेली चाल तीच. मग लोकच विचारतात, लिंडांना काय मिळालं? १९६२ मध्ये ते गरिबीतच गेले. वारसांशी तडजोड व्हायला २००६ उजाडलं. ही कथा आधीच सांगून टाकलीत, तर गाणं कुणी ऐकणार नाही. कथा वाचतील आणि पुढे जातील.

दुसरं, 'अँदेपांदांस चा चा'. काँगोच्या स्वातंत्र्याची बोलणी १९६० च्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये चालू असताना गायक ग्राँ काले आणि त्यांच्या 'आफ्रिकन जाझ' या बँडने तिथेच केलेलं. नावातलं 'अँदेपांदांस' म्हणजे स्वातंत्र्य. ऐन राजकारणाचं गाणं, पण पाय थिरकायचे थांबत नाहीत. यात डॉक्टर निको यांच्या गिटारवर कान ठेवा, शब्द नंतर. शब्दांत पुढाऱ्यांची नावं ओळीने येतात, पुढे पंतप्रधान झालेले लुमुम्बा आणि त्यांचे विरोधक त्शोंबे एकाच पंगतीत. वर्षभराच्या आत लुमुम्बांची हत्या झाली, तीही त्शोंबेंनी काँगोपासून वेगळा काढलेल्या कटांगा प्रांतात. हे कळल्यावर पुन्हा ऐका, त्याच उड्या मारणाऱ्या तालावर अंगावर काटा येतो.

चौकस
'ओळखीची चाल शोधा' हा प्रकार मला तितकासा पटत नाही. त्यात गाणं राहतं बाजूला आणि कोडं सुटल्याचा आनंद उरतो. मी सुरांवरून जातो. इथिओपियात 'तिझिता' नावाची स्वरमाला आहे, त्याच नावाचं आठवणींचं गाणंही आहे. ते पुष्कळांनी गायलं, महमूद अहमद यांनीही. या स्वरमालेच्या एका प्रकारात भूपाचेच पाच स्वर लागतात. पण आवाजाची कंपनं, ताल आणि सुरावरून घसरत खाली येणं असं काही वेगळं, की 'भूप आहे' म्हणेपर्यंत भूप हातातून निसटतो. गाणाऱ्या मित्राला तेवढं पुरतं, भाषेची आठवणही होत नाही.

खरखर
तुमचा मित्र गाणारा आहे हो! बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना दारातून आत तर येऊ द्या. तिझिताचं मात्र मान्य, मीही लावतो.

निशाचर
वा, दोन्ही करून बघते. कंबोडियाचं कुणी ऐकवलंय का? सिन सिसामुथ आणि रोस सेरेसोथिया यांची गाणी शोधली, पण एकाच गाण्याची दोन रूपं मिळतात. एकात ढोल अगदी कपाळावर बसल्यासारखा.

खरखर
तो ढोल बहुतेक नंतर चढवलेला. १९७५ मध्ये ख्मेर रूज ही जहाल कम्युनिस्ट संघटना सत्तेवर आली, हे दोघंही त्या काळात नाहीसे झाले आणि मूळ टेप्सची धूळधाण झाली. जे वाचलं ते रेकॉर्ड्स आणि कॅसेटींवर. पुढे देशाबाहेर गेलेल्या कंबोडियन लोकांनी ती पुन्हा काढली, तेव्हा पुष्कळ गाण्यांवर नवे ड्रम आणि कीबोर्ड लादले. त्यामुळे ढोल स्वच्छ आणि गाणारीचा आवाज पडद्याआड असेल तर ती प्रत सोडा. खरखरणारी घ्या, तिच्यात गिटार आणि गळा एकाच खोलीत आहेत.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवरून चढवलेलं काही घेताना आणखी एक बघा. सुरुवातीच्या काळात सगळ्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८ वर कापलेल्या नसत, त्यामुळे कुणी चुकीच्या वेगाने फिरवली की आख्खी पट्टीच सरकते. बाईचा आवाज बाहुलीसारखा वाटला तर दोष बाईचा नसतो.

चौकस
आणि गायकाचं नाव, वर्ष, गाव लिहायला विसरू नका. नुसती 'जुनं आफ्रिकन गाणं' अशी चिठ्ठी लावलेली पोस्ट बघितली की माझं डोकं फिरतं.

निशाचर
लिहीन. आज 'म्बुबे' टाकलंय, फक्त 'शेवटाकडे वरचा आवाज ऐका' एवढ्याच ओळीसह. पहिला अंगठा साडेतीन मिनिटांनी आलाय!