शब्दचर्चा: ‘साइट-डायरेक्टेड म्यूटाजेनेसिस’ला काय म्हणायचं?

प्रश्न: प्रथिन अभियांत्रिकीत प्रायमर (डीएनएची प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) डिझाइन करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिते आहे. ‘म्यूटेशन’ला, म्हणजे डीएनएतल्या बदलाला, ‘उत्परिवर्तन’ रुळलंय, पण ‘म्यूटाजेनेसिस’ला काय? ‘स्थाननिर्देशित उत्परिवर्तजनन’ लिहून पाहिलं, वाचतानाच जीभ अडखळली.

— ‘जनन’ सोडा हो. मराठीत हा फरक क्रियापदच करतं: उत्परिवर्तन आपोआप होतं, प्रयोगशाळेत ते घडवलं जातं. मायकेल स्मिथ यांना १९९३चं रसायनशास्त्राचं नोबेल (पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याच्या पद्धतीवाल्या कॅरी मलिस यांच्याबरोबर विभागून) मिळालं, ते या घडवण्यासाठीच. शीर्षकात ‘स्थाननिर्देशित उत्परिवर्तन’, वाक्यात ‘हव्या त्या जागी उत्परिवर्तन घडवणे’.

— मला खरी अडचण ‘स्थान’ची वाटते. कशातलं स्थान? जीएफपी या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनातलं ‘एस६५टी’ घ्या. ६५व्या जागी सेरीन होतं, तिथे थ्रिओनीन आलं. डीएनएत मात्र टीसीटीचं एसीटी झालं, म्हणजे एकच अक्षर बदललं आणि ते १९३वं (एका अमिनो आम्लाला डीएनएची तीन अक्षरं लागतात). सॉफ्टवेअरमध्ये न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे डीएनएच्या अक्षराचा, आकडा भरायच्या रकान्यात मी एकदा अमिनो आम्लाचा आकडा बिनधास्त टाकला होता. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक, भलत्याच जागेचे प्रायमर काढून दिले. ऑर्डर गेल्यावर उजेड पडला! तेव्हापासून मी अमिनो आम्लाचं ‘स्थान’ आणि डीएनएच्या अक्षराचा ‘क्रमांक’ असं वेगळं लिहितो.

— तरी ‘स्थान’ मोजून मिळेलच असं नाही. ईजीएफपीत, म्हणजे जीएफपीच्या सुधारित रूपात, पहिल्या मेथिओनीनमागोमाग एक जास्तीचं व्हॅलीन आहे. त्याला ‘१ए’ म्हणून पुढचे आकडे जुनेच ठेवलेत. बोटं मोजत गेलात तर ६५वं स्थान ६६वं भरतं.

प्रश्न: आणि प्रायमरला ‘प्रारंभक’?

— नको, प्रायमरच. ‘टेम्प्लेट’ला, म्हणजे ज्यावरून प्रत निघते त्या डीएनएला, मात्र ‘साचा’ झकास. उत्परिवर्तन घडवण्याच्या क्विकचेंज पद्धतीत दोन्ही प्रायमर एकमेकांना पूरक असतात आणि बदल साधारण मध्यावर येतो. एनईबेसचेंजर हे प्रायमर डिझाइनचं सॉफ्टवेअर प्रायमर ‘बॅक-टू-बॅक’ बसवतं, त्याला ‘पाठीला पाठ लावून’ म्हणा, चित्रच उभं राहतं. ‘मिसमॅच’ला, म्हणजे प्रायमरमधल्या साच्याशी न जुळणाऱ्या अक्षराला, ‘विजोड’ कसा वाटतो?

— ‘विजोड’ उचलला. फक्त ‘विजोड जोडी’ लिहिलं की लग्नाचं वाटतं, म्हणून ‘विजोड अक्षर’ करते.