आवाजातले खटके: मुळाशी जाऊन काढावेत की शेवटी सरसकट फिल्टर लावावे?

धंतोलीचा संकलक

मी नागपुरात व्याख्यानांच्या आणि कीर्तनांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने केलेली कीर्तनाची फाइल माझ्याकडे तपासायला आली. कटवर (दोन तुकडे जुळतात त्या जागी) येणारे खटके त्याने घालवले होते, हे खरे. परंतु त्यासाठी संपूर्ण आवाजावर डी-क्लिकर (खटके शोधून पुसणारे फिल्टर) लावल्यामुळे टाळांची धार गेली होती आणि चिपळ्या रुमालात गुंडाळून वाजवल्यासारख्या ऐकू येत होत्या. हे होणारच होते, कारण ते फिल्टर आवाजातली एकाएकी आलेली क्षणिक उसळी शोधते आणि चिपळी वाजते तेव्हाही तशीच उसळी येते. असे फिल्टर सरसकट लावणे म्हणजे निव्वळ कामचुकारपणा आहे, असे माझे मत आहे.

कटवरच्या खटक्याचे कारण साधे आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (क्लिप ओळीने मांडतात त्या पट्टीवर) कट एरवी ४० मिलिसेकंदांच्या पायरीनेच सरकतो. ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात तेवढ्या वेळात १,९२० सॅम्पल (आवाजाची सुटी मोजमापे) येतात आणि १०० हर्ट्झच्या स्वराची चार पूर्ण आवर्तने होऊन जातात. त्यामुळे दोन्ही क्लिपची लहर नेमकी शून्यरेषेवर असताना कट पडणे हा केवळ योगायोग ठरतो. वेव्हफॉर्म (लहरीचा आलेख) पुरेसा मोठा करून पाहिला, तर त्या जागी रेघ पायरी उतरल्यासारखी उभी तुटलेली दिसते आणि स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो तो त्या पायरीचाच. दोन्ही बाजूंना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू उतरवला-चढवला, की ही पायरी उरत नाही, आणि बाकीच्या आवाजाला हातही लागत नाही.

महालचा कॅमेरा

आपले कीर्तनाचे उदाहरण मान्य आहे, परंतु आपण जणू सगळे खटके कटवरच जन्माला येतात असे धरून चालला आहात. मी लग्नांचे शूटिंग करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, मंडपात कूलर ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्यातला एखादा कोणी बंद-चालू केला की ऐन मंगलाष्टकांत ‘फट्’ असा आवाज रेकॉर्डिंगमध्येच उतरतो. तिथे कट नाही, त्यामुळे फेड द्यायचा तरी कुठे? ऑड्यासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधले ‘रिपेअर’ एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पल दुरुस्त करते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. माझे खटके बहुतेक वेळा त्याहून लांब असतात. शिवाय चार तासांच्या चित्रीकरणात शेकडो कट असतात आणि मुलीकडचे लोक आठव्या दिवसापासून फोन करू लागतात. फिल्टर बेताने लावले तर वरपक्षातले कोणीही चिपळ्यांची धार मोजायला बसत नाही.

धंतोलीचा संकलक

शेकडो कटांची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ ट्रान्झिशनचा (म्हणजे कटवरच्या फेडचा) ठरलेला कालावधी मुळात एक सेकंद असतो. तो प्रेफरन्सेसमध्ये एका फ्रेमवर आणावा आणि मग सर्व ऑडिओ क्लिप निवडून एकाच आज्ञेने ते ट्रान्झिशन लावावे. मात्र निवड फक्त ऑडिओची करावी, नाहीतर चित्रालाही जागोजागी डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणे) लागतो आणि दुपारभर तो काढत बसावे लागते (हे मी स्वतः भोगलेले आहे). कूलरच्या खटक्यांविषयी आपले म्हणणे मान्य करतो. पण मग डी-क्लिकर त्या अर्ध्या सेकंदापुरतेच लावा, चार तासांवर कशासाठी?

रेशीमबागेतला हेडफोन

आपण दोघेही निदान न करताच औषधावर भांडत आहात. खटका प्रत्येक वेळी त्याच जागी येतो का, हे आधी पाहावे. प्लेबॅकमध्ये तो जागा बदलत असेल, तर संगणकाला बफर (पुढचा आवाज आधीच भरून ठेवण्याची जागा) वेळेवर भरता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. बफर वाढवावा, कारण तसा खटका सहसा एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये येतही नाही.

खरी डोकेदुखी म्हणजे टाइमलाइनवर आवाज स्वच्छ आणि एक्सपोर्टमध्ये मात्र खटका. एएसी या आवाज दाबून साठवण्याच्या प्रकारात आवाज साधारणपणे १,०२४ सॅम्पलच्या गठ्ठ्यांत बांधला जातो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१.३ मिलिसेकंद, आणि त्याचा ४० मिलिसेकंदांच्या फ्रेमशी मेळ बसत नाही. शिवाय एन्कोडर (आवाज असा दाबणारा प्रोग्रॅम) प्रत्येक फाइलच्या आरंभी थोडी निःशब्द भर घालतो. म्हणून तुकडे वेगवेगळे एक्सपोर्ट करून नंतर नुसते जोडले, तर सांध्यावर खटका येऊ शकतो. यावर फेडही चालत नाही आणि फिल्टरही चालत नाही. आवाज सलग वेव्ह (न दाबलेली) फाइल म्हणून काढावा आणि एएसी एकदाच, अगदी शेवटी करावे. आवाजाची शिखरे शून्य डेसिबलला, म्हणजे कमाल पातळीला, टेकलेली असतील, तर एन्कोडिंगमध्ये ती वर जाऊन फुटतात, म्हणून लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारे साधन) उणे १ डेसिबलवर ठेवावा.

महालचा कॅमेरा

सांध्याची बाब माझ्यासाठी नवी आहे आणि ती मला लागू पडते, कारण मी हळद, लग्न आणि स्वागत समारंभ वेगवेगळे एक्सपोर्ट करून जोडतो. विदाईच्या आधी येणाऱ्या खटक्याचा दोष मी आजवर मंडपवाल्याच्या जनरेटरला देत आलो. तो भाग आता एकाच टाइमलाइनवरून काढून पाहीन. मंगलाष्टकांवरचे फिल्टर मात्र मी काढणार नाही, कारण अर्धा-अर्धा सेकंद निवडायचा तर ते चाळीस कूलर कधी-कधी बंद झाले हे आधी शोधावे लागेल.

धंतोलीचा संकलक

शोधावे लागणार नाही. स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणत्या पट्टीचा आवाज आहे ते दाखवणारे चित्र) उघडा, असा प्रत्येक खटका खालपासून वरपर्यंत उभी रेघ ओढल्यासारखा दिसतो, आणि मंगलाष्टकांत चिपळ्या नसल्यामुळे तिथे अशा उभ्या रेघा फारशा नसतात. फक्त अक्षता पडतात तेव्हाच्या टाळ्या तेवढ्या वगळा.