नेट नसलं तरी चालतं

शाळेत विज्ञान शिकवायला कोणती डिजिटल साधनं वापरावीत, यावरची सगळी चर्चा व्हिडिओ आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडभोवतीच फिरतेय, म्हणून एक भर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' (PhET) हा सिम्युलेशन्सचा, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायच्या प्रयोगांचा, प्रकल्प बघा. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, पूर्ण मोफत. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. उदाहरणार्थ, विजेच्या सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरी, बल्ब, वायरी पडद्यावर जोडायच्या. नुसत्या वायरीने बॅटरीची दोन टोकं जोडली की ती पेटते, आणि मुलं मुद्दाम तेच आधी करतात! (करू द्यावं. शॉर्टसर्किट तिथेच कळतं.) एचटीएमएलवाली (थेट ब्राउझरमध्ये उघडणारी) सिम्युलेशन्स एकदा उतरवून पेनड्राइव्हवर टाकली की शाळेत नेटशिवाय चालतात. 'जावा' हे वेगळं सॉफ्टवेअर लागणाऱ्या जुन्या सिम्युलेशन्सच्या नादी मात्र लागू नका. मराठी शब्द कुठे कुठे बोजड वाटतात, तेवढे तोंडी सोपे करून सांगावे लागतात.