बार्बेक्यू सॉस: केचप उकळला की 'घरचा' होतो का?

धूरकरी

ग्रिल पेटलं की कोणीतरी एक जण हमखास बरणी बाहेर काढतो आणि जाहीर करतो, "सॉस मी घरी केलाय हं!" मी कृती विचारतो. दोन कप केचप, अर्धा कप ब्राउन शुगर, थोडं व्हिनेगर, वूस्टर सॉस (तो पातळ, काळपट, आंबट-खारट इंग्लिश सॉस), लसणाची पूड, लिक्विड स्मोकचे (धुराच्या वासाच्या द्रवाचे) चार थेंब. म्हणजे चार बाटल्या पातेल्यात ओतल्या आणि वीस मिनिटं ढवळल्या. ह्याला घरचा म्हणायचं, तर खोक्यातून आलेलं कपाट स्क्रू पिळून उभं केलं म्हणून मी सुतार झालो.

माझं मत सरळ मांडतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या धाटणीचा, म्हणजे जाड, गोड, टोमॅटोचा सॉस घरी करायच्या भानगडीत पडू नये. तो बाटलीतलाच चांगला. झॅन्थन गम (दाटपणा आणणारी पूड) किंवा स्टार्च घातल्यामुळे तो रिब्जना, म्हणजे बरगड्यांच्या मांसाला, चिकटून बसतो, ओघळत नाही, वर चकाकतो. घरी तोच दाटपणा आणायला आटवत बसावं लागतं आणि तोवर साखर तळाला धरते. बाटल्यांत माझी पसंती स्वीट बेबी रेज ह्या ब्रँडला. नावं ठेवायची तर ठेवा.

घरी करावा तो फक्त व्हिनेगरचा पातळ सॉस, कारण त्यात केचपची लबाडी नसते. या आता अंगावर.

चिमटेवाली

आले. साफ असहमत.

तुमच्या लाडक्या बाटलीचं लेबल वाचलंत का कधी? पहिलाच घटक हाय-फ्रुक्टोज कॉर्न सिरप, म्हणजे मक्यापासून केलेला गोड पाक. दोन टेबलस्पूनमागे सुमारे 16 ग्रॅम साखर. घरी केला की साखर माझ्या हातात असते, एवढं एक कारण मला पुरतं.

आणि इतिहास काढायचा तर सगळाच काढा. केसी मास्टरपीस हा ह्याच धाटणीचा बाटलीतला सॉस कोणी केला? रिच डेव्हिस नावाच्या कॅन्सस सिटीतल्या बालमनोविकारतज्ज्ञाने. स्वयंपाकाचा छंद होता माणसाला. 1977 मध्ये त्याने सॉस बाजारात आणला आणि 1986 मध्ये तो किंग्जफर्ड ह्या कोळसेवाल्या कंपनीला विकला. म्हणजे तुमची बाटली हीसुद्धा मुळात कोणाच्या तरी घरची बरणीच.

(गोड बाटलीचा माझा राग जुना आहे. एकदा चिकन ग्रिलवर ठेवतानाच सॉस फासला आणि पाहुण्यांना कोळसा वाढला. कंपनीचं नाव सांगत नाही.)

धूरकरी

@चिमटेवाली, तो दोष बाटलीचा नाही, ब्रशचा! साधी साखर 160 अंश सेल्सिअसच्या आसपास करपायच्या वाटेला लागते, फ्रुक्टोज तर 110 च्या आसपासच. ग्रिलची जाळी 200 च्या वर तापलेली. सुरुवातीला फासलात तर दुसरं काय होणार? गोड सॉस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, पातळ हाताने, दोन थर. घरच्या सॉसमधली ब्राउन शुगरही तितक्याच निष्ठेने करपते.

डेव्हिससाहेबांचा मुद्दा मात्र बिनतोड. त्यावर नंतर बोलतो.

आंबटशौकीन

धागाकर्त्याने निम्मं खरं बोलून निम्म्यावर माती खाल्ली. मुळात जाड सॉस हवाच कशाला?

नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर धुरावर भाजतात, मांस उकलतात आणि त्यावर व्हिनेगर, लाल मिरचीचे फ्लेक्स, मिरपूड, मीठ. संपलं. हा सॉस मांसावर बसत नाही, मांसात शिरतो. अशा उकललेल्या मांसाची, म्हणजे पुल्ड पोर्कची, चरबी तोंडात साचते ती ह्या आंबटपणाने कापली जाते. वरून गोड लेप दिलात तर दोन घासांत जीभ थकते.

कृती: दोन कप ॲपल सायडर व्हिनेगर, एक चमचा फ्लेक्स, एक चमचा मिरपूड, दीड चमचा मीठ, चिमूटभर साखर. उकळायचं नाही. बाटलीत हलवून रात्रभर ठेवायचं. ह्याची तयार बाटली विकत घेणारा माणूस म्हणजे पैसे मोजून व्हिनेगर हलवून घेतो.

त्याच राज्यात पश्चिमेला लेक्सिंग्टनला ह्यातच थोडा केचप घालतात आणि त्याला 'डिप' म्हणतात. तिथल्या लोकांशी मी वाद घालत नाही. दुरून नमस्कार.

मोहरीपंत

आणि साउथ कॅरोलायनाचा पिवळा सॉस? तिथे जर्मन वसाहतकरी आले, मोहरीची आवड घेऊन आले, आणि पोर्कवर मोहरी-व्हिनेगर-साखरेचा सॉस रुजला असं सांगतात. गोड, आंबट, झणका, तिन्ही एका चमच्यात. ह्या धाग्यात त्याचं नाव निघायला चौथा प्रतिसाद यावा लागला, ह्याबद्दल निषेध.

धूरकरी

पंत, प्रश्न एकच: मोहरीची पेस्ट बरणीतली की घरी वाटलेली?

मोहरीपंत

बरणीतली. ताजी वाटलेली मोहरी कडू लागते, काही दिवस मुरावी लागते. इतका धीर नाही.

...बरं, कळला टोमणा.

कोळसा

टेक्सासात लॉकहार्टला क्रूझ मार्केट नावाचं बार्बेक्यूचं हॉटेल आहे. तिथे वर्षानुवर्षं सॉस मिळतच नसे. ब्रिस्केटला (गाईच्या छातीच्या मांसाला) मीठ, मिरपूड, ओकचा धूर. पुरे. सॉस म्हणजे बिघडलेल्या मांसाचं पांघरूण.

चिमटेवाली

@कोळसा, सॉसच्या धाग्यावर येऊन सॉस नको म्हणणं म्हणजे लग्नात येऊन उपास आहे म्हणणं.

हिरवीफांदी

मी शाकाहारी. मशरूम, मक्याची कणसं आणि टोफू ग्रिल करते. तुमच्या भांडणात एक गोष्ट कोणी बोललं नाही: वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात. बार्बेक्यू सॉसच्या लेबलवर ते एका ओळीत कंसात लपलेले असतात. मी तीन वर्षं खात होते! तेव्हापासून घरीच करते. वूस्टरऐवजी सोया सॉस आणि जरा चिंच. चिंच मूळ वूस्टर सॉसमध्येही असतेच, त्यामुळे चव फार दूर जात नाही.

ह्याला तरी 'खोक्यातलं कपाट' म्हणू नका.

धूरकरी

नाही म्हणत. हे कारण मला पटलं, आणि साखरेच्या कारणापेक्षा जास्त पटलं. ज्याला काहीतरी टाळायचंय त्याने घरीच करावा. माझा राग फक्त "घरचाच चांगला" म्हणून नाक वर करणाऱ्यांवर आहे.

साधा_प्रश्न

लिक्विड स्मोक म्हणजे केमिकल ना? आमच्याकडे त्यावरून भांडण झालं.

आंबटशौकीन

नाही. लाकूड जाळून त्याचा धूर थंड करतात आणि द्रवात पकडतात, म्हणजे धूर खराच असतो. 1895 पासून बाजारात आहे. पण चार थेंबांच्या जागी अर्धा चमचा गेला तर सॉसला जळक्या घराचा वास येतो. आणि ग्रिलवर खरा कोळसा असताना तो घालायचा कशाला हे मला कधीच कळलं नाही.

पांढरपेशा

अलाबामाचा पांढरा सॉस विसरलात सगळे. डिकेटर गावचा बार्बेक्यूवाला बिग बॉब गिब्सन, 1925. मेयोनेज, व्हिनेगर, मिरपूड, हॉर्सरॅडिश (झणझणीत मूळ). धुरावरचं अख्खं चिकन त्यात बुडवून काढायचं. चिकनची छाती कोरडी पडते त्यावर ह्याहून चांगला उपाय मी खाल्लेला नाही. पाच मिनिटांत होतो. मेयो बाटलीतलं वापरतो आणि मला त्याची लाज नाही.

चिमटेवाली

@धूरकरी, शब्दांचे बुडबुडे पुरेत. ही माझी कृती, केचपचा थेंबही नाही.

एक कांदा बारीक चिरून तेलात सावकाश परता, लालसर व्हायला हवा. चार लसूण पाकळ्या. मग टोमॅटो पेस्टचा 170 ग्रॅमचा डबा घालून दोन-तीन मिनिटं परतायची. हे टाळू नका, कच्चट वास इथेच जातो. नंतर दीड कप पाणी, अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर, पाव कप मोलॅसिस (काकवीची कडवट बहीण), एक चमचा मोहरीची पूड, एक चमचा स्मोक्ड पॅप्रिका, अडोबोतल्या (डब्यातल्या मेक्सिकन मसाला-सॉसमधल्या) दोन चिपोटले. चिपोटले म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर सुकवलेली, त्यामुळे लिक्विड स्मोकची गरज नाही. मंद आचेवर चाळीस मिनिटं, मग मिक्सरमधून काढा. फ्रिजमध्ये दोन आठवडे ठेवते, जास्त नाही. बाहेर तर मुळीच नाही. ताजा लसूण आहे त्यात.

रविवारी करा. दोन वाट्या, नावं न सांगता पाहुण्यांपुढे ठेवा. आणि खरं काय ते इथे लिहा.

आंबटशौकीन

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

धूरकरी

केला. निकाल देतो, काहीही लपवत नाही.

मिक्सर धुण्यासकट सव्वा तास गेला. अर्ध्या रिब्जना हा, अर्ध्यांना बाटलीतला. आठ जण खाणारे. पाच जणांनी बाटली निवडली, त्यात तिन्ही मुलं. चिकटपणा आणि चकाकी बाटलीचीच सरस, घरचा जरा रवाळ राहिला. इथवर मी जिंकलो.

आता दुसरी बाजू. रात्री भांडी आवरताना बाटलीच्या वाटीत सॉस उरला होता, घरच्याची वाटी रिकामी. ती मीच पावाने पुसून खाल्ली होती. मोलॅसिसचा कडवटपणा आणि चिपोटलेचा धूर, हे बाटलीत नाही. मान्य. दर रविवारी सव्वा तास देणार का? नाही. महिन्यातून एकदा, विचार करीन.

चिमटेवाली

पाच विरुद्ध तीन, आणि त्या पाचांत तीन मुलं! मोठ्यांची मतं मोजा, तीन विरुद्ध दोन, मी जिंकले. आणि रवाळ राहिला म्हणजे मिक्सर कमी फिरवलात.

धूरकरी

मुलांचं मत बाद? रिब्ज सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ल्या.

कोळसा

दोन सॉस, आठ पाहुणे, सव्वा तास. रिब्ज कशा झाल्या होत्या, ते कोणी सांगेल का?